२३६ बॉल, ६८ रन

आजचा भाग गोंदियातून रेकॉर्ड करतोय, दिवाळीला घरी आलोय. घर जंक्शनच्या जवळ आहे, त्यामुळे मध्येच मालगाडीचा भोंगा ऐकू आला तर समजून घ्या.

आज एका इनिंगबद्दल बोलायचंय. ६८ रन, २३६ बॉल. स्ट्राइक रेट २९ पण नाही. आयपीएलमध्ये असं कोणी खेळलं तर मीम बनायला दोन मिनिटं लागणार नाहीत. पण माझ्या मते भारतानं परदेशात जिंकलेल्या एका मोठ्या टेस्टचा पाया या ६८ रननी घातला.

हेडिंग्ले, २२ ऑगस्ट २००२. लॉर्ड्सची पहिली टेस्ट आपण हरलो होतो, ट्रेंट ब्रिजची ड्रॉ झाली होती. चारच टेस्टची सिरीज, म्हणजे इथे हरलो तर सिरीज जिंकायचा विषयच संपला. वर आभाळ भरून आलेलं. अशा वातावरणात टॉस जिंकणारा कॅप्टन सहसा डोळे झाकून बॉलिंग घेतो. गांगुलीनं बॅटिंग घेतली, आणि वर कुंबळे आणि हरभजन असे दोन स्पिनर खेळवले. हिशेब सरळ होता, पिच जुनं झाल्यावर ते दोघं बघून घेतील. फक्त तोपर्यंत कोणीतरी नवा बॉल खाऊन टाकायला पाहिजे.

ते काम ज्याच्यावर आलं तो संजय बांगर. बीडमध्ये जन्मलेला, रेल्वेकडून रणजी खेळणारा ऑलराउंडर. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या नागपुरात त्यानं झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद १०० केले होते, पण ते खाली बॅटिंगला येऊन. इथे वसीम जाफरच्या जागी त्याला थेट ओपनिंगला पाठवलं. समोर हॉगार्ड, कॅडिक, ट्युडर, फ्लिंटॉफ. स्कोअर १५ असताना सेहवाग गेला, स्लिपमध्ये कॅच. मग द्रविड आला.

आता थोडं फिजिक्स. घाबरू नका, बारावीपुरतंच आहे. बॉलर बॉलची शिवण, म्हणजे सीम, तिरकी ठेवून बॉल सोडतो. शिवणीच्या बाजूची हवा तिच्यावर अडखळते आणि बॉलला जास्त वेळ चिकटून राहते, गुळगुळीत बाजूची हवा लवकर सुटते. त्यामुळे शिवणीचं तोंड जिकडे, बॉल तिकडे ढकलला जातो. पण खरी गंमत पुढे आहे. हा धक्का सतत लागत असतो, त्यामुळे बाजूला सरकलेलं अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे बॉल अर्ध्या वाटेवर असतो तेव्हा जेमतेम एक चतुर्थांश स्विंग झालेला असतो. बाकीचा तीन चतुर्थांश उरलेल्या अर्ध्या वाटेत होतो! १३० च्या स्पीडनं बॉल साधारण अर्ध्या सेकंदात पोहोचतो. म्हणजे शेवटच्या पाव सेकंदात सगळा खेळ. कॉमेंटेटर 'लेट स्विंग, लेट स्विंग' म्हणून ओरडतात ना, त्यातला बराच भाग हा साधा वर्गाचा हिशेब आहे.

आमच्याकडे धान कापल्यावर बांधीत पिच बनवून टेनिस बॉलनं खेळतात. एका बाजूला काळी टेप लावली की तो बॉल असा काही वळतो की विचारू नका. तिथे आम्ही सगळे एकच उपाय करायचो, वळायच्या आत पुढे निघून धुऱ्यापार मारायचं. टेनिस बॉलला जमतं. लेदर बॉल, तीन स्लिप आणि एक गली असेल तर तोच उपाय तुमचा काळ होतो, कारण तुम्ही बॅट तिथे नेता जिथे बॉल येणार असं 'वाटलं' होतं.

म्हणून उलटं करायचं. पाय पुढे, पण बॅट उशिरा. बॉल डोळ्यांच्या खाली येऊ द्यायचा, शरीराजवळ खेळायचा. हात सैल, म्हणजे कड लागलीच तर बॉल स्लिपच्या आधी पडेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपला ऑफ स्टंप कुठे आहे ते माहीत पाहिजे. डोकं ऑफ स्टंपच्या रेषेत आणलं की डोळ्यांच्या बाहेरून जाणारा बॉल आपला नाही. जाऊ दे त्याला.

बांगरनं त्या दिवशी हेच केलं. सोडला, सोडला, अडवला, परत सोडला. सलग बसून तासभर बघितलं तर झोप येईल, खोटं कशाला बोलू? पण एकदा बॉलरकडे बघत बघा. बाहेरचा बॉल बॅट्समन खेळतच नाही म्हटल्यावर बॉलरला आत यावं लागतं, स्टंपवर टाकावं लागतं, आणि तिथे रन मिळतात. द्रविडबरोबर १७० ची पार्टनरशिप झाली. बांगर आउट झाला तेव्हा स्कोअर १८५. एकट्यानं २३६ बॉल, म्हणजे ३९ ओव्हर आणि वर दोन बॉल. बॉल जुना झाला, बॉलर थकले. दिवसअखेर २३६ वर २. योगायोग बघा, आकडा तोच.

मग काय, द्रविड १४८, सचिन १९३, गांगुली १२८. सचिनची ती तिसावी सेंच्युरी, ब्रॅडमनच्या २९ च्या पुढची. ६२८ वर ८, डिक्लेअर. आपण इनिंग आणि ४६ रननी जिंकलो. हायलाइट्समध्ये तुम्हाला तीन सेंच्युऱ्या दिसतील. सोडलेला बॉल हायलाइट्समध्ये येत नाही.

मी पुण्यात डॅशबोर्ड बनवायचं काम करतो, म्हणून हे जरा जास्त टोचतं. ज्याची नोंद होते तेच स्क्रीनवर दिसतं. माझा मामेभाऊ पंधरा वर्षांचा आहे, इथेच गोंदियात लेदर बॉलवर ओपनिंग करतो. मागच्या महिन्यात सकाळच्या दवात ५८ बॉल खेळून ११ रन केले. स्कोअरिंग ॲपनं त्याचा स्ट्राइक रेट लाल रंगात दाखवला, ग्रुपवर पोरं म्हणाली, 'टेस्ट खेळतो का बे?' आता तो म्हणतोय, दादा, मी ओपनिंग सोडतो, खाली येऊन मारतो. मी त्याला तिसऱ्या आणि चौथ्या नंबरच्या पोरांचे रन विचारले. एकानं ४४ केले होते, एकानं ५२, दोघंही दव सुकल्यावर आलेले. 'त्या ॲपमध्ये तुझ्या ५८ बॉलचा कॉलम नाहीये रे,' म्हटलं. अजून त्याचं ठरलेलं नाही. नागपूरला ट्रायल आहे, आणि तिथे काय बघतात याचीच त्याला भीती आहे. ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही.

पण विदर्भात हे बघणारे लोक आहेत. २०१७-१८ च्या रणजी फायनलमध्ये आपल्या रजनीश गुरबाणीनं दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेतली, तो स्विंगवरच जगणारा बॉलर. शिवाय इंजिनिअर, हे मुद्दाम सांगतोय. त्या मॅचमध्ये दिल्लीच्या ध्रुव शोरीनं १४५ केले होते, आणि हाच शोरी पुढे विदर्भाकडून खेळायला आला. ज्यानं आपल्या बॉलरना दमवलं, त्याला आपण घरी आणलं.

आणि बांगर? २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यात कोहलीनं पाच टेस्टमध्ये फक्त १३४ रन केले, अँडरसननं त्याला नाचवलं. ती टेस्ट सिरीज संपल्यावर बांगर टीमसोबत कोचिंगला आला, पुढे बॅटिंग कोच झाला. २०१८ ला कोहली परत इंग्लंडला गेला तेव्हा तो क्रीजच्या बाहेर उभा राहत होता, स्विंगला वळायला जागाच कमी मिळावी म्हणून. ५९३ रन. अँडरसनला त्या अख्ख्या सिरीजमध्ये त्याची विकेट मिळाली नाही. यातलं किती श्रेय कोचचं आणि किती कोहलीचं, ते ते दोघंच जाणोत.

तुमच्या गावातल्या मॅचमधली अशी एखादी चिवट इनिंग आठवत असेल, कमी रन आणि ढीगभर बॉल, तर व्हॉइस नोट पाठवा. नाव नाही सांगितलं तरी चालेल, फक्त किती बॉल सोडले ते सांगा. चला, गाडी आली वाटतं.