अंगणातली घोळ



२०१६ साली मांजरा धरण आटले. लातूर शहराला पिण्याचे पाणी मिरजेहून आगगाडीने आणावे लागले. एप्रिल महिन्यात पहिली गाडी आली. १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी! त्या दिवसांत अंगणातल्या लिंबाला तांब्याभर पाणी घालायचे तरी हात मागे येई. आळ्यातली माती उघडी पडली, तापली, वाऱ्याने उडाली.

अशा अंगणासाठी आम्ही आज घोळ लावायला सांगणार आहोत. हसू नका! निंदताना तुम्ही तिला उपटून बांधावर फेकता, हे आम्हांस ठाऊक आहे. पण फेकलेली घोळ लवकर वाळते का? नाही. सर आली की तिथेच मुळ्या धरते. तिची पाने व देठ जाड, रसाळ. त्यांत ती पाणी साठवून ठेवते.

आणखी गंमत ऐका. झाडाच्या पानांना बारीक छिद्रे असतात. त्यांतून झाड हवा घेते, पण त्यांतूनच पाणीही उडून जाते. पाण्याची ओढ बसली, की घोळ दिवसा छिद्रे मिटते आणि रात्री गारव्याला उघडते. रात्री घेतलेली हवा आंबट रस करून पानात ठेवते. म्हणून अशा दिवसांत पहाटे खुडलेली घोळ दुपारच्या घोळीपेक्षा आंबट लागते. चाखूनच बघा ना!

लावणे सोपे. चार बोटांची फांदी तोडा, ओल्या मातीत खोचा. रुजेपर्यंत थोडे थोडे पाणी द्या. पाणी साचू देऊ नका, देठ कुजतो. मग ती पसरते, माती झाकते. ऊन थेट मातीला लागत नाही, ओल टिकते. अगदीच कडक उन्हाळ्यात झाड गेले, तरी बी मातीत राहते. पावसाबरोबर पुन्हा उगवते.

हे बी मात्र फार. एका झाडाला हजारो. म्हणून शेताच्या कडेला लावू नका. अंगणातही पिवळी फुले दिसली की शेंडे खुडा. मुगाची डाळ घाला, लसणाची फोडणी द्या, भाजी झाली! धाकटी बहीण चिवळ, तीही चालेल. ती पेरापेराला मुळ्या धरते व जमिनीला चिकटून पसरते.

मुतखडा असेल त्याने ही भाजी टाळावी. आणि आयाबायांनो, खुडताना देठ मोडून बघा. पांढरा चीक आला, तर ती घोळ नव्हे, दुधी आहे. ती टाकून द्या.