घड्याळाची तबकडी आणि ऊन

अंधारांत चमकणारें मनगटी घड्याळ ज्याच्या घरीं आहे, त्याच्या मनांत एक शंका केव्हां ना केव्हां येतेच. रोजच्या उन्हानें या हिरवट प्रकाशाचा झरा आटून तर जाणार नाहीं ना? शंका अगदींच निराधार नाहीं. वैशाखाचें ऊन काय करतें, हें नाशिककरांस सांगावयास नको. दुकानावरील लाल अक्षरांची पाटी थोड्याच उन्हाळ्यांत फिकी पडते, खिडकीच्या पडद्याचा रंग विटतो; मग घड्याळाच्या आंकड्यांवरील रंगच तेवढा कसा टिकावा? याच्या अगदीं उलट, कांहीं लोक वडिलांचें किंवा आजोबांचें विझलेलें घड्याळ मुद्दाम उन्हांत ठेवतात. ऊन पिऊन तें पुन्हां उजळेल अशी त्यांची आशा असते. एकाच उन्हाविषयींच्या या दोन समजुती परस्परविरुद्ध आहेत. तबकडीवर रंग कोणत्या जातीचा आहे हें ठरविल्यावांचून त्यांपैकीं कोणतीही खरी म्हणतां येत नाहीं आणि खोटीही म्हणतां येत नाहीं.

चमकणाऱ्या रंगांच्या मुख्य जाती दोन. एक उसनवारीवर जगणारी. दुसरी स्वतःच्या घरच्या इंधनावर जळणारी. पहिली जात बाहेरचा प्रकाश घेते आणि अंधारांत तो हळूहळू परत करते. दुसरीस बाहेरच्या प्रकाशाची गरजच नसते. तिच्या पोटांतच किरणोत्सर्गी द्रव्य कालविलेलें असतें.

आजकाल दुकानांत मिळणाऱ्या चमकत्या तबकड्या बहुतेक पहिल्या जातीच्या होत. स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट नांवाच्या पदार्थांत युरोपियम व डिस्प्रोशियम या दुर्मिळ धातूंचा अत्यल्प अंश मिसळला असतां उत्तम चमक मिळते, हें जपानच्या नेमोटो या कंपनीनें १९९३ सालीं दाखवून दिलें. या रंगाचें काम कसें चालतें, हें समजण्यास नाशिककरांना गंगापूरच्या धरणाचा दाखला पुरे आहे. पावसाळ्यांत धरण भरतें आणि उन्हाळ्यांत कालव्यांतून पाणी सुटतें. त्याचप्रमाणें प्रकाश पडला म्हणजे रंगाच्या कणांतील इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर उचलले जातात व स्फटिकांतील खोबणींत अडकून राहतात. अंधारांत साध्या हवेच्या उबेनें ते एकेक सुटतात, खालीं येतात आणि येतांना प्रकाश देतात. आरंभीं पुष्कळ सुटतात म्हणून चमक झगझगीत दिसते. पुढें ती झपाट्यानें उतरते आणि मंद स्वरूपांत रात्रभर रेंगाळते.

या सर्व व्यवहारांत कोणताही पदार्थ जळून जात नाहीं. भरल्यानें धरण संपत नाहीं, तसा उन्हानें हा रंग संपत नाहीं. धरण कांठोकांठ भरल्यावर जास्तीचें पाणी सांडव्यावरून जातें. घड्याळही कांहीं मिनिटांत भरून गेल्यावर त्यास दिवसभर गच्चीवर तापत ठेवण्यांत कांहींच लाभ नसतो. या रंगाचा खरा वैरी ऊन नव्हे, ओल होय. पाणी लागलें कीं स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटचें विघटन होऊं लागतें. म्हणून ज्या घड्याळाच्या कांचेखालीं वाफ धरते, तें घड्याळजीकडे नेण्यांत दिरंगाई करूं नये.

या नव्या रंगापूर्वीं जस्ताच्या सल्फाइडचा रंग वापरीत असत. त्याच्या बाबतींत मात्र उन्हाविषयींची भीति बरीचशी रास्त आहे. ओल आणि अतिनील किरण एकत्र आले म्हणजे या सल्फाइडांतून धातुरूप जस्त सुटें होतें व रंग काळवंडतो. कांचेच्या आड, कोरड्या जागीं हा परिणाम कमी होतो. पण दमट हवा आणि कडक ऊन यांची जोडी त्यास मानवत नाहीं.

आतां दुसऱ्या जातीकडे वळावयाचें. १८९८ सालीं पॅरिस येथें मारी व पियेर क्यूरी यांनीं रेडियमचा शोध लावला. त्यानंतर थोड्याच वर्षांत जस्ताच्या सल्फाइडांत रेडियमचा सूक्ष्म अंश मिसळून अखंड प्रकाशणारा रंग तयार करण्यांत आला. रेडियममधून आल्फा कण सुटतात, ते सल्फाइडच्या स्फटिकांवर आदळतात आणि प्रत्येक आघातासरशी प्रकाशाची एक ठिणगी उडते. पहिल्या महायुद्धांत खंदकांतील सैनिकांना रात्रीं वेळ पाहतां यावी म्हणून अशा घड्याळांची मागणी वाढली. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश लष्करानें मागविलेल्या मनगटी घड्याळांवरही हाच रंग होता. नाशिकशेजारचें देवळाली हें ब्रिटिश अमदानीपासूनचें लष्करी ठाणें. तेव्हां या भागांतील एखाद्या निवृत्त सैनिकाच्या घरीं, जुन्या पेटींत, तसें घड्याळ निघालें तर नवल नाहीं.

असें घड्याळ आज बहुधा चमकत नाहीं. आंकड्यांवरील रंग तपकिरी पडलेला असतो. पाहणारा म्हणतो, रेडियम उडून गेलें; उन्हानें खाल्लें. ही समजूत चुकीची तर आहेच, शिवाय धोक्याचीही आहे. रेडियमचें अर्धें आयुष्य सुमारें १६०० वर्षांचें आहे. म्हणजे आज ठेवलेल्या रेडियमचा निम्मा भाग संपावयास तितकीं वर्षें लागतात. शंभर वर्षांत शेकडा चार भाग काय तो कमी होतो. मग प्रकाश कां गेला? वर्षानुवर्षें आल्फा कणांचा मारा सोसून सल्फाइडच्या स्फटिकांची घडण मोडली म्हणून गेला. घण शाबूत राहिला, ऐरण मात्र फुटली. दिवा विझला, पण आंतील निखारा जवळजवळ जसाच्या तसा आहे.

हा निखारा उन्हानें लवकर विझत नाहीं आणि सांवलींत ठेवल्यानें जास्त टिकतही नाहीं. नाशिक जिल्ह्यांतच याचा एक दाखला आहे. लासलगांव येथें २००२ सालीं भाभा अणुसंशोधन केंद्रानें कांद्यास मोड येऊं नयेत म्हणून किरणप्रक्रियेचें केंद्र उभारलें. तेथें कोबाल्ट-६० या द्रव्याचे किरण वापरतात. त्याचें अर्धें आयुष्य ५.२७ वर्षांचें, त्यास कपाटांत कोंडा किंवा उन्हांत मांडा, तें आपल्या गतीनेंच घटत जातें. रेडियमचा न्याय तोच. फक्त त्याची चाल फार संथ.

रेडियमनंतर घड्याळांवर ट्रिटियम आलें. त्याचे किरण अत्यंत दुबळे, कांच ओलांडून येऊं न शकणारे. त्याचें अर्धें आयुष्य १२.३ वर्षांचें, म्हणून पंचवीस वर्षांत चतुर्थांशच शिल्लक उरतो आणि तबकडी मंदावते. सहाच्या आंकड्याजवळ छापलेलें इंग्रजी ‘टी’ हें अक्षर पुष्कळ वेळां त्याची खूण असतें. येथेंही ऱ्हासाचा दोष उन्हाकडे जात नाहीं. तो काळाकडे जातो.

विझलेल्या रेडियमला मेलेलें समजण्याचें मोल काय, हें अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांताच्या इतिहासावरून कळतें. तेथील ऑरेंज गांवच्या कारखान्यांत तरुण मुली तबकड्या रंगवीत. कुंचल्याचें टोक बारीक राहावें म्हणून तें ओठांनीं जुळविण्याची त्यांना शिकवण होती. रेडियम शरीरांत गेलें म्हणजे चुन्यासारखें हाडांत जाऊन बसतें. कित्येकींचे जबडे कुजले, कित्येकी अकालीं वारल्या. ग्रेस फ्रायर व तिच्या चार सहकारिणींनीं कंपनीवर फिर्याद केली आणि १९२८ सालीं तडजोड होऊन त्यांना भरपाई मिळाली. त्या मुलींच्या पोटांत जो रंग गेला, त्याच जातीचा रंग जुन्या घड्याळाच्या कांचेखालीं आज ठिसूळ होऊन पडलेला असूं शकतो. कांच बंद आहे तोंवर मनगटावरील एका घड्याळापासून फारसें भय नाहीं. पण तबकडी खरवडून नवा रंग भरावा असें कोणी ठरविलें कीं रंगाची भुकटी उडते, श्वासांत जाते, बोटांवरून घासाबरोबर पोटांत जाते. आणि ती भुकटी प्रथम जाते ती घड्याळजीच्या पोटांत, मालकाच्या नव्हे.

येथें एका शब्दानें होणारा घोंटाळाही दूर केला पाहिजे. महाराष्ट्रांत आज ‘रेडियम’ हा शब्द वाहनांवरील चकचकीत पट्ट्यांसही लावतात. रात्रीं कांद्याच्या ट्रॅक्टरमागें झळकणाऱ्या त्या पट्टींत रेडियमचा लवलेशही नसतो. ती समोरून आलेला उजेड आल्या वाटेनें परत फेकते, इतकेंच. निरुपद्रवी पट्टीला रेडियम म्हणावयाचें आणि खरें रेडियम असलेल्या घड्याळास ‘विझलेलें’ म्हणून सुरीनें खरवडावयाचें, असा हा उलटा न्याय आहे.

तेव्हां ज्यांच्या घरीं जुनें घड्याळ आहे त्यांनीं एवढें करावें. घड्याळ दोन दिवस पेटींत ठेवून, खोली पूर्ण काळोखी करून, डोळे अंधाराला सरावल्यावर तें उघडून पाहावें. प्रकाश न घेतांही तें चमकलें, तर त्यांत किरणोत्सर्गी द्रव्य आहे असें समजावें. चमकलें नाहीं, तर निश्चिंत मात्र होऊं नये. १९६० पूर्वींचें घड्याळ आणि तपकिरी पडलेला रंग या दोन खुणा जुळल्या कीं तें रेडियमचेंच मानावें. निर्णय हवा असल्यास किरणमापक यंत्रच तो देऊं शकतें. असें घड्याळ मुलांच्या हातीं देऊं नये, उशाशीं ठेवूं नये, घरीं उघडूं नये. आणि दुरुस्तीस देतांना घड्याळजीस त्याचा रंग कोणता आहे हें आधीं स्पष्ट सांगावें.

नव्या घड्याळाच्या मालकानें उन्हाची चिंता सोडून द्यावी. त्याचा रंग उन्हावरच जगतो. जुन्या घड्याळाच्या मालकानें उन्हाची आशा सोडून द्यावी. त्याचा गेलेला प्रकाश ऊन परत आणून देणार नाहीं.