गावठी बदकांचा वंश राखा

(शहाड येथे पशुपालकांसमोर केलेले भाषण)



उल्हास नदीच्या काठी बदकांविषयी बोलायचे तर सुरुवात पाण्यापासूनच केली पाहिजे. भातखाचरे आणि तळी होती तोवर गावठी बदकाला विकतचे खाद्य फारसे लागत नसे. गोगलगायी, किडे, सांडलेले भात यांवर ते पोट भरी. खाचरांच्या जागी इमारती आल्या, तळ्यांत जलपर्णी माजली, तशी दारची बदकेही कमी होत गेली.

पुष्कळजण विचारतात, खाकी कॅम्पबेल वर्षाला 250 ते 300 अंडी देते, मग शंभराच्या आतबाहेर अंडी देणारे गावठी कशाला पाळायचे? प्रश्न रास्त आहे. विकतचे खाद्य घालून अंड्यांचा धंदा करायचा असेल तर खुशाल खाकी कॅम्पबेल ठेवा. मात्र तिचा नर गावठी कळपात सोडू नका. ही जात 1900 च्या सुमारास इंग्लंडमध्ये संकरातून तयार झाली आणि त्या संकरात इंडियन रनर हे बदक होते. नाव इंडियन असले तरी ते मूळचे इंडोनेशियाच्या बेटांवरचे, भातशेतात चरणारे. म्हणजे या भरघोस अंड्यांमागेही कुणा शेतकऱ्याचे गावठी बदकच आहे. आपण आपले घालवले तर पुढच्या संकराला आणणार कोठून?

दुसरा धोका घरातच आहे. एक नर, सहा माद्या, आणि पुढचा नर त्यांच्याच पिलांतला. मग बापलेकींचा, बहीणभावांचा संबंध होतो. ढोबळ हिशेबाने अशा कळपात दर पिढीला साडेचौदा टक्के अंतःप्रजनन वाढते. अंडी फळत नाहीत, पिले दुबळी निघतात आणि आपण दोष देतो हवेला! चार घरांनी मिळून चार नर व चोवीस माद्यांचा एक कळप मानला तर ही वाढ साडेतीन टक्क्यांच्या आसपास येते. यास खर्च काही नाही. दरवर्षी पहिल्या घरचा तरुण नर दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, असे करत चौथ्याचा पहिल्याकडे द्यावा. माद्या घरच्याच ठेवाव्यात. शेपटीवर वळलेले पीस आणि घोगरा आवाज असेल तो नर.

उबवणीस शक्य तितक्या जास्त माद्यांची अंडी घ्यावीत. खुडूक कोंबडीखाली ती 28 दिवसांत फुटतात. मस्कोव्हीची मात्र 35 दिवस घेतात. ती प्रजातीच वेगळी. साध्या बदकाशी तिचा संकर झाला तर पिले मांसाला चालतात, पण त्यांचा वंश पुढे जात नाही.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे आसामच्या पाती आणि बिहारच्या मैथिली बदकांची नोंद झाली आहे. आपल्याकडच्या कोकण कपिला गाईची व कोकण कन्याळ शेळीचीही झाली आहे. गावठी दिसते म्हणून निराळी जात ठरत नाही. त्यासाठी पिढ्यान् पिढ्यांची माहिती लागते, आणि ती पाळणाऱ्यांकडूनच मिळते. तेव्हा एक वही घाला. पिसांचा व चोचीचा रंग, वजन, पहिले अंडे कितव्या महिन्यात, वर्षाची अंडी किती, नर कोणाकडून आणला, एवढे लिहा. हे काम घरच्या शाळकरी मुलांकडे दिलेले बरे. आपण विसरतो, ती विसरत नाहीत.