मोकळ्या जागा कोणाच्या?

(महाड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाला अभ्यासवर्गात बोलावले की त्याने महागाई, बेकारी किंवा अंदाजपत्रक यांवर बोलावे अशी अपेक्षा असते. मी आज बागांविषयी बोलणार आहे. विषय ऐकून आपल्यापैकी काहीजणांच्या चेहऱ्यावर स्मित उमटलेले मला दिसते आहे. कंत्राटी कामगारांचे प्रश्न तुंबलेले असताना बागा कसल्या, असे त्या स्मिताचे म्हणणे असावे. त्या म्हणण्याचा विचार मी शेवटी करणारच आहे. प्रथम हा विषय माझ्या डोक्यात आला कसा, ते सांगतो.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बोरिवलीस राहणारी माझी नात चार दिवसांसाठी महाडास आली होती. दुसऱ्याच दिवशी सायंकाळी तिने विचारले, "आजोबा, तुमच्याकडे फिरायला चांगली बाग कुठली?" तिच्या घरापासून राष्ट्रीय उद्यान हाकेच्या अंतरावर आहे, सोसायटीची स्वतःची हिरवळ आहे, चार पावलांवर महापालिकेची बाग आहे. त्यामुळे तिच्या लेखी हा अगदी साधा प्रश्न होता. मला मात्र त्याचे चटकन उत्तर देता येईना. शेवटी म्हटले, "चल, दाखवतो." पुढचे तीन दिवस आम्ही दोघे महाड आणि पोलादपूर तालुक्यांत हिंडलो. माझे आजचे भाषण म्हणजे त्या भटकंतीचा हिशेब आहे.

पहिल्या सायंकाळी तिला चवदार तळ्यावर नेले. तळ्याच्या काठी बसायला जागा आहे, पाण्यावरून वारा येतो, मध्ये बाबासाहेबांचा पुतळा आहे. काही म्हातारी माणसे गप्पा मारीत होती, दोन बायका भाजीच्या पिशव्या बाजूला ठेवून विसावल्या होत्या, शाळकरी पोरे पळापळ खेळत होती. नात म्हणाली, "आजोबा, ही तर चांगली बाग आहे की!" मी म्हटले, "चांगली आहेच. पण ती फार महाग पडलेली आहे."

ती किंमत काय होती, हे या सभागृहात सांगण्याची गरज नसावी. तरीही हिशेबातल्या काही तारखा पुन्हा वाचाव्यात असे मला वाटते. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली वा राखलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुले असावेत, असे तो ठराव सांगत होता. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. पुढे काय झाले? तीन वर्षे काहीही झाले नाही. ठराव दप्तरात राहिला आणि तळे होते तसेच राहिले. २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेला जमलेले हजारो लोक बाबासाहेबांच्या मागोमाग चालत तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा कोठे तो ठराव कागदावरून जमिनीवर आला.

त्याची शिक्षा तात्काळ मिळाली. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठवून परिषदेहून परतणाऱ्यांना मारहाण झाली. तळ्याची "शुद्धी" करण्यात आली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला आणि डिसेंबरात तळे खाजगी असल्याचा दावा न्यायालयात दाखल झाला. तो दावा मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघाला १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे पाणी प्याल्यापासून जवळजवळ दहा वर्षांनी. अनादी काळापासून बंदीची रूढी होती, हे वादींना सिद्ध करता आले नाही.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला या इतिहासात एक सूत्र दिसते. एखादी जागा सार्वजनिक आहे असे ठरावात लिहिल्याने ती सार्वजनिक होत नाही. ज्यांना ती नाकारलेली असते ते तिच्यावर पाऊल ठेवतात तेव्हा ती सार्वजनिक होते, आणि ते पाऊल पडत राहते तोवरच ती तशी राहते. हे सूत्र मनात धरून आता पुढच्या जागा पाहू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गांधारपाल्याची लेणी चढलो. महामार्गाला लागूनच डोंगर आहे, पायऱ्या आहेत, आणि वर पोचले की खाली नदीचे पात्र आणि महाडचा परिसर दिसतो. येथल्या शिलालेखात विष्णुपालित नावाच्या कांभोज राजकुमाराच्या दानाचा उल्लेख आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी कोणा राजपुत्राने भिक्षूंसाठी दिलेली जागा आज आपल्या विद्यार्थ्यांना उन्हातून येऊन बसायला सावली देते. दान देणारा गेला, घेणारे गेले, जागा मात्र राहिली. खाजगी मालमत्तेच्या कुठल्या प्रकाराला एवढे आयुष्य लाभले आहे, याचा जरूर विचार करावा. दुपारी सव येथे गेलो. सावित्रीकाठी गरम पाण्याचे झरे आहेत. दुखऱ्या गुडघ्यांची माणसे तेथे पिढ्यानपिढ्या येतात आणि कोणी कोणाची जात, धर्म वा उत्पन्नाचा दाखला विचारीत नाही.

तिसरा दिवस आतल्या मुलखाचा. वरंध घाटाच्या रस्त्यावरून आत वळून शिवथरघळ पाहिली. पावसाळ्यात तेथे धबधबा कोसळतो आणि गर्दी मावत नाही. उन्हाळ्यात घळीतला गारवा पुरेसा असतो. तेथून पोलादपुरास आलो. शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी या गावात आहे, आणि तेथून आत गेले की तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ. उमरठच्या वाटेवर गर्द झाडी पाहून नातीने गाडी थांबवायला लावली. आपल्या कोकणात अशा देवरायांतून देवाच्या नावाने गावाने झाडे राखली. तोडायला बंदी, आणि सावली, पाणी व पक्षी सर्वांचे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल विद्वज्जगाला दाखवून दिले. गावाला ते आधीच ठाऊक होते.

येथे एका प्रसिद्ध सिद्धान्ताचा समाचार घेतला पाहिजे. १९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने असे मांडले की सर्वांच्या मालकीची वस्तू अखेर नासते; कारण प्रत्येकजण तिच्यातून ओरबाडतो आणि राखायला कोणी नसतो. यावरून पुष्कळांनी सोयीचा निष्कर्ष काढला की सार्वजनिक जागा एकतर विकून टाकावी किंवा सरकारने कुंपण घालून बंद करावी. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची कुरणे, पाटपाणी, जंगले आणि मच्छीमारीची ठिकाणे तपासून दाखविले की जेथे वापरणारे लोक स्वतः नियम करतात आणि ते पाळले जातात की नाही यावर लक्ष ठेवतात, तेथे सामाईक संपत्ती शतकानुशतके टिकते. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ऑस्ट्रॉमबाई उमरठच्या वाटेला कधी आल्या नसतील, परंतु तेथल्या म्हाताऱ्यांना त्यांचे म्हणणे एका वाक्यात पटले असते.

आता कटू भाग. परतताना मी नातीला एक जागा दाखविली. गावाचे नाव सांगत नाही. माझ्या लहानपणी तेथे आम्ही आट्यापाट्या खेळत होतो. पुढे त्या भागाचा ले-आउट झाला आणि मंजूर नकाशात ही जागा "खुली जागा" म्हणून दाखविली गेली. आज तिच्याभोवती पत्रे आहेत, फाटकाला कुलूप आहे आणि आत वाळूचे ढीग आहेत. मी चार वेळा अर्ज केला. चारही वेळा तो "पुढील कार्यवाहीसाठी" पाठविला गेला. नात म्हणाली, "मग तुम्ही आत का जात नाही?" या प्रश्नाने मी शरमलो. १९२४ चा ठराव आणि हा नकाशा यांत मला फरक दिसेना.

हा एका जागेचा प्रश्न नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा आहे. त्याच्या कलम १२७ प्रमाणे विकास आराखड्यात बाग वा क्रीडांगण यांसाठी राखलेली जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. आणि त्यानंतरच्या मुदतीत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. मालकाचा यात दोष काढण्याचे कारण नाही. त्याची जमीन अनंतकाळ अडकवून ठेवणेही अन्यायच आहे. दोष आहे तो दहा वर्षे झोपलेल्या संस्थेचा आणि तिला न हलविणाऱ्या आपला. बागेची जागा गावातून कोणी चोरून नेत नाही. आपण घड्याळाकडे पाहत नाही, एवढ्यानेच ती जाते.

यावर नगरपालिकांचे उत्तर ठरलेले असते: पैसा नाही. मग तोडगा निघतो की ठेकेदाराला द्या, तो तिकीट लावील आणि बाग राखील. हा तोडगा वरवर व्यवहारी दिसतो, पण अर्थशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. बागेत आणखी एक मनुष्य येऊन बसला म्हणून बागेचा खर्च वाढत नाही. तिकिटाने होते एवढेच की ज्याच्या खिशात पैसा नाही तो बाहेर राहतो, म्हणजे ज्याला घरात खिडकी नाही नेमका तोच. शिवाय आपल्या हवेत बागेला कारंजी, सिमेंटचे हत्ती आणि रंगीत दिवे लागत नाहीत. चार आंबे, दोन वड, काही बाक, पिण्याचे पाणी, सायंकाळी दिवा आणि स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालय एवढे पुरे. शेवटची गोष्ट नसेल तर ती बाग निम्म्या लोकसंख्येला बंदच आहे असे समजावे.

आणखी एक मुद्दा महाडकरांना तरी विस्ताराने सांगावा लागू नये. २००५ आणि २०२१ या दोन्ही वर्षी जुलैत सावित्री-गांधारीचे पाणी शहरात शिरले. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. नदीकाठची सखल मोकळी जमीन रिकामी दिसते म्हणून ती फुकट गेली असे समजून आपण तिच्यावर भराव घालतो. वस्तुतः ती पावसाळ्यात नदीची आणि उरलेल्या आठ महिन्यांत मुलांची जागा असते. तिच्यावर इमारत उभी केली की दोघांचीही जागा जाते, आणि नदी आपली जागा बाजारपेठेत येऊन मागते.

आता सुरुवातीच्या स्मिताकडे वळतो. कामगारांचे प्रश्न असताना बागा कसल्या? नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळू लागली. ती सुट्टी माणसाने माणसासारखे जगावे म्हणून मागितलेली होती. आज आपल्या औद्योगिक वसाहतीतला कामगार पाळी संपवून एका खोलीच्या घरी येतो. ज्याच्याकडे पैसा आहे तो हिरवळ विकत घेतो, फार्महाऊस बांधतो, महाबळेश्वरास जातो. ज्याच्याकडे नाही त्याला सार्वजनिक बाग हाच एकमेव दिवाणखाना आहे. तेव्हा बाग हा मजुरीचाच प्रश्न आहे; मजुरीचा जो भाग पगाराच्या पाकिटात येत नाही त्याचा.

करायचे काय, हे थोडक्यात सांगतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत बागा, उद्याने आणि क्रीडांगणे ही नागरी संस्थांची कामे म्हणून नमूद आहेत. महाडला नगरपालिका आहे, पोलादपुरास आता नगरपंचायत आहे. तेथून विकास आराखडा मिळेल त्याची आणि मंजूर ले-आउटची प्रत घ्या. प्रत्येक आरक्षित व खुल्या जागेवर प्रत्यक्ष जा, सातबारा पाहा, दहा वर्षे कधी भरतात ते वहीत लिहा. गावोगावच्या ग्रामसभांत गायरान, तळी आणि देवराया यांची यादी वाचून घ्या. न्यायालयेही येथे आपल्या विरुद्ध नाहीत. बागेची जागा खाजगी रुग्णालयाला देणे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली बंगलोर मेडिकल ट्रस्ट खटल्यात रद्द ठरविले. आणि २०११ साली जगपाल सिंग खटल्यात पंजाबातल्या एका गावचे तळे बुजवून केलेले अतिक्रमण हटविण्याचा आदेश देताना सर्व राज्यांना गावांच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्यास सांगितले.

परंतु अर्ज आणि निकाल यांवर थांबू नका. महिन्यातून एक रविवार त्या जागेवर मुलांना घेऊन जा, झाडू मारा, रोप लावा, तेथेच सभा घ्या. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला २० मार्च २०२७ ही तारीख शंभर वर्षे पुरी करते. त्या दिवशी लाखो लोक येतील, भाषणे होतील, हार घातले जातील. तोपर्यंत या दोन तालुक्यांतली एखादी तरी कुलूपबंद खुली जागा आपण लोकांच्या वापरात आणली, तर त्या दिवशी तळ्याच्या काठी उभे राहताना आपल्याला मान खाली घालावी लागणार नाही.

नातीला मी शब्द दिला आहे की पुढच्या सुट्टीत ती येईल तेव्हा त्या पत्र्यांच्या आत आम्ही दोघे आट्यापाट्या खेळू. माझे गुडघे साथ देतील की नाही, सांगता येत नाही. फाटक मात्र उघडलेले असले पाहिजे. आणि त्यासाठी मला आपली सोबत हवी आहे.