फाटक उघडं ठेवा



पत्रिकेत विषय छापलाय ‘शहरातली हिरवाई आणि वस्तीचं आरोग्य’. त्यातला निम्मा भाग तुम्हाला पाठ आहे. झाडं सावली देतात, धूळ अडवतात, रोज बागेत चाललं की साखर ताब्यात राहते. 1896 चा प्लेग, त्यानंतर 1898 साली आलेला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, मग दादर-माटुंग्याची मोकळी आखणी, हे मुंबईकरांना मी काय सांगावं! ते सगळं गृहीत धरतो आणि थेट कुलपावर येतो. (हशा) हसू नका. मी जिथे जातो तिथे कुलपावरच बोलतो, हे ठाऊक असूनही संयोजकांनी मला बोलावलंय.

आपल्या बऱ्याच बागा सकाळी उघडतात, दुपारी बंद होतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. या सभागृहातल्या मंडळींना ते सोयीचंच आहे. पण दोन घरची धुणीभांडी आटोपून तिसऱ्या घरी जायच्या आधी एखाद्या बाईला तासभर मिळतो, तो दुपारीच. पार्सलवाला मुलगा, रिक्षावाला, रात्रपाळी करून आलेला वॉचमन, यांनाही टेकायला वेळ मिळतो तो दुपारीच. म्हणजे मे महिन्यात सावली जेव्हा सर्वांत जास्त हवी, नेमकं तेव्हाच तिला कुलूप! तज्ज्ञ म्हणतात, घरापासून 300 मीटरच्या आत बाग हवी. कबूल. पण हे अंतर फाटकापर्यंत मोजायचं की झाडापर्यंत?

आता पुरावा. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात कारखाने गेले, माणसं गेली आणि मागे हजारो पडीक प्लॉट उरले. तिथल्या संशोधकांनी असे 541 प्लॉट घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले. पहिल्या गटात कचरा उचलला, जमीन सपाट केली, गवत पेरलं, थोडी झाडं लावली आणि भोवती लाकडाचं बुटकं कुंपण घातलं. दुसऱ्या गटात नुसती साफसफाई केली. तिसऱ्याला हातच लावला नाही. आधी आणि नंतर आसपासच्या रहिवाशांना त्यांची मनःस्थिती विचारली. 2018 साली निष्कर्ष छापून आले. हिरव्या प्लॉटांच्या शेजारी ‘उदास वाटतं’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण 41.5 टक्क्यांनी घटलं. नुसत्या साफसफाईने मात्र नाव घेण्यासारखा फरक पडला नाही.

आणि ते कुंपण! त्याला मुद्दाम वाटा ठेवल्या होत्या. ट्रक आणून कचरा ओतता येऊ नये, पण माणसाला सहज आत जाता यावं, एवढंच त्याचं काम. शिवाजी पार्कचा कट्टा आठवा. कट्टा माणसाला अडवत नाही, बसवून घेतो.

तिसऱ्या रांगेतले प्राध्यापक मान हलवताहेत. सर, तुमचा आक्षेप मला कळला. हे आकडे लोकांनी स्वतः सांगितलेल्या भावनांचे आहेत, डॉक्टरांच्या निदानाचे नाहीत. कुलूपवाली आणि बिनकुलपाची बाग अशी तुलनाही तिथे झाली नाही. कुलपाचा निष्कर्ष माझा आहे. पण जी बाग औषधासारखी लागू पडली ती उघडी होती, एवढं तरी माझ्या पदरात टाका. (टाळ्या)

मागून कुणीतरी विचारतंय, ‘आणि गर्दुल्ल्यांचं काय?’ हा प्रश्न येतोच. त्याच प्रयोगात गरीब वस्त्यांमधल्या गोळीबाराच्या घटना 29 टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या. वावर असला की वचक राहतो. रिकामी बाग कुलूप घालूनही रिकामीच, आणि भिंतीवरून उडी मारणाऱ्याला कुलपाची काय तमा?

उडीवरून आठवलं. न्यूयॉर्कमध्ये लिझ क्रिस्टी नावाची एक चित्रकार होती. खरं तर तिच्यावर दोनच मिनिटं बोलायचं ठरवलं होतं. तिची मंडळी स्वतःला ‘ग्रीन गुरिला’ म्हणवायची. कुंपणाआड बंद पडलेल्या प्लॉटांत ही मंडळी बियांचे गोळे भिरकावायची, म्हणजे आत जाता आलं नाही तरी बी जाईल! 1973 साली बाउरी आणि हाउस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा एक उकिरडा त्यांनी उपसला, माती आणली, वाफे केले. पुढच्याच वर्षी शहराने ती जागा त्यांना महिना एक डॉलर भाड्याने दिली. (हशा) इथे बिल्डर मंडळी असतील तर त्यांनी हे ऐकलं नाही असं समजावं. ती बाग आजही आहे. 1999 मध्ये महापौर जुलियानी शंभराहून अधिक सामुदायिक बागा लिलावात काढायला निघाले. लोक रस्त्यावर आले, आणि शेवटी दोन संस्थांनी पैसे उभे करून त्या बागा विकत घेतल्या. त्या आंदोलनाची गंमत अशी, की...

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे.’ बरं, गंमत राहू द्या.

डेन्व्हरचं पटकन सांगतो. तिथे 291 जणांवर प्रयोग झाला. काहींना सामुदायिक बागेत वाफा दिला, काहींना थांबायला सांगितलं. वाफेवाल्यांचा ताण आणि चिंता कमी झाली, आठवड्याची हालचाल सुमारे 42 मिनिटांनी वाढली आणि आहारातला चोथा रोज 1.4 ग्रॅमने वाढला. अर्ध्या पेरूइतका! (हशा) त्यासाठी अमेरिकेला जायला नको, हे खरं. पण व्यायाम करा म्हणून कुणी मागे लागलं नव्हतं. वांग्याला पाणी घालायला जायचं, म्हणून ते चालले.

कंपोस्टवरचा भाग राहिला, तो छापील पुस्तिकेत घेऊ. आता मागणी तेवढी मांडतो. आपल्या वॉर्डातली एक बाग एक उन्हाळाभर दुपारी बारा ते चार उघडी ठेवायची. एका कोपऱ्यात वाफे आखायचे, ते आसपासच्यांना वाटायचे, आणि निम्मे वाफे सोसायटीबाहेरच्यांना द्यायचे. या शेवटच्या अटीवर आमच्याकडे बैठक मोडली होती, तुमच्याकडेही मोडेल. पुन्हा बसा.

शेवटच्या चिठ्ठीत विचारलंय, ‘किल्ली कुणाकडे राहणार?’ वाफेवाल्यांकडे. न्यूयॉर्कची पालिका सामुदायिक बागांना अट घालते, की हंगामात आठवड्याला किमान 20 तास फाटक सगळ्यांना उघडं हवं. आपण 28 मागतोय. घासाघीस होणार, म्हणून आधीच वाढवून ठेवलेत. (हशा) बाहेर टेबलावर वही आहे, दुपारी बसायला तयार असाल तर नाव लिहा. सकाळी येणाऱ्यांची नावं नकोत, ती आमच्याकडे भरपूर आहेत.