पाहायचं राहून गेलेलं

राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक १९५४ साली आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालं. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा तो मान पुन्हा मराठीकडे यायला पन्नास वर्षं लागली. २००४ साली संदीप सावंत यांच्या ‘श्वास’नं तो आणला. पुढं हा चित्रपट भारतातर्फे ऑस्करला गेला. खर्चासाठी मराठी माणसांनी वर्गणी काढली. मीही शंभर रुपये दिले. नामांकन मिळालं नाही, तेव्हा हळहळलो.

त्याच सुमारास अम्मीची नजर काचबिंदूनं जात चालली होती. तिला ‘श्वास’ पाहायला नेलं. पडदा धूसर दिसे, म्हणून मी कानाशी सांगत होतो. कोकणातल्या परशाला डोळ्यांचा कर्करोग. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला इस्पितळातून गुपचूप बाहेर नेतात, जग दाखवतात. तिथं माझा आवाजच फुटेना.

बाहेर आल्यावर मी पुरस्काराचं कौतुक लावलं. अम्मी म्हणाली, ‘‘ते असू दे. मला समुद्र दाखवशील?’’

कवितेची सन्मानचिन्हं आणायला मी गावोगाव हिंडलो होतो. अम्मीनं समुद्र पाहिलेला नाही, हे मला ठाऊकच नव्हतं.

पुढच्या रविवारी एसटीनं गेलो. तिला लाटा दिसल्या नाहीत. पाण्यावरची मावळतीची चमक तेवढी दिसली. तेवढ्यावर ती खूश होती.

आता अम्मी नाही. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांचं काय पाहायचं राहिलंय, एवढं आजच विचारा.