खलाशांचा शाहीर : चार्ल्स डिब्डिन

गीत रचणाऱ्याच्या पदरात त्या गीताचे मोल किती पडावे, हा प्रश्न पुरातन आहे. अठराव्या शतकातील इंग्लंडात या प्रश्नाशी जन्मभर झुंजलेला एक कलावंत म्हणजे चार्ल्स डिब्डिन.

१७४५ साली साउदॅम्प्टन या बंदराच्या गावी एका सामान्य कुटुंबात त्याचा जन्म झाला. बालपणी विंचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये तो प्रार्थनागीते गात असे. पुढे लंडनला येऊन कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात तो नट, गायक आणि संगीतरचनाकार अशा तिन्ही नात्यांनी वावरू लागला. १७६७ मध्ये त्याने तेथे एका गायिकेला पियानोची साथ केली. त्या काळी नवलाईच्या असलेल्या या वाद्याच्या इंग्लंडातील जाहीर वादनाच्या अगदी आरंभीच्या नोंदींपैकी ही एक होय.

१७६८ साली ड्रुरी लेन येथे ‘द पॅडलॉक’ हे संगीत प्रहसन रंगभूमीवर आले. शब्द आयझॅक बिकरस्टाफचे, संगीत डिब्डिनचे. त्यातील मुंगो या निग्रो गुलामाची भूमिका डिब्डिनने तोंडाला काळे फासून केली. गुलामाच्या दुःखावर हशा पिकविणारी ती नक्कल आज बोचल्यावाचून राहत नाही. परंतु तेव्हा तिने सारे लंडन वेडे केले. एवढे यश मिळूनही त्या संगीताच्या हक्कापोटी डिब्डिनला मिळाले अवघे ४५ पौंड! पुढील सारा नफा इतरांच्या पेटीत गेला.

हा सल त्याच्या मनात कायम राहिला. मात्र त्याच्या विपत्तींचा सारा दोष व्यवस्थापकांच्या माथी मारता येणार नाही. स्वभाव मानी आणि भांडखोर, हात उधळा. पत्नीला त्याने सोडलेच. पण हॅरिएट पिट या नर्तकीलाही तिच्या मुलांसह वाऱ्यावर टाकले. ड्रुरी लेनचा प्रख्यात चालक डेव्हिड गॅरिक याच्याशी त्याचे बिनसले. धनकोंचा ससेमिरा चुकविण्यासाठी १७७६ मध्ये तो फ्रान्सला पळाला आणि दोन वर्षांनी परतला. १७८२ साली घोडेस्वारीचे खेळ आणि नाट्य यांची सांगड घालणाऱ्या ‘रॉयल सर्कस’मध्ये त्याने भागीदारी केली, तीही कलहात बुडाली.

अखेर हिंदुस्थानात नशीब काढावे असे त्याने ठरविले. प्रवासखर्चासाठी गावोगाव गाण्याचे कार्यक्रम केले आणि १७८८ मध्ये तो जहाजावर चढलाही. परंतु वादळी हवेमुळे जहाज टॉरबे येथे थांबताच उतरून तो माघारी वळला. हिंदुस्थान त्याने कधीच पाहिला नाही.

या माघारीतूनच त्याचे खरे भाग्य उदयास आले. शब्द आपले, चाल आपली, कंठ आपला, साथही आपली आणि गीतांची छपाई व विक्रीही आपलीच, असा एकपात्री प्रयोग त्याने १७८९ पासून मांडला. पुढे त्यासाठी ‘साँ सूसी’ नावाचे स्वतःचे नाट्यगृह उभारले. या प्रयोगांतील खलाशांची गीते घरोघरी पोचली. त्यांपैकी ‘टॉम बोलिंग’ हे विलापगीत त्याने आपल्या दिवंगत दर्यावर्दी भावाच्या स्मरणार्थ रचले, असे मानले जाते. या भावाचा मुलगा टॉमस फ्रॉग्नल डिब्डिन कलकत्त्यास जन्मला आणि पुढे ग्रंथसूचिकार म्हणून नावारूपास आला.

नेपोलियनशी युद्ध पेटले तेव्हा, १८०३ साली, सरकारने युद्धगीतांसाठी डिब्डिनला वार्षिक २०० पौंडांचे वेतन बांधून दिले. काही वर्षांतच मंत्रिमंडळ पालटले आणि ते वेतन बंद झाले. संगीताचे दुकानही दिवाळ्यात निघाले. १८१० साली चाहत्यांनी जाहीर मेजवानी करून त्याच्यासाठी निधी जमविला. पुढे अर्धांगवायूने तो खिळला आणि २५ जुलै १८१४ रोजी लंडनमधील कॅम्डन टाउन येथे निवर्तला.

स्वतःच्या गीतांचा धनी होण्यात डिब्डिन यशस्वी झाला. मिळालेले धन राखणे मात्र त्याला साधले नाही. निष्ठा आणि सोबत्यावरील माया यांचे गुणगान करणाऱ्या या कवीला घरच्यांशी ती निष्ठा पाळता आली नाही, ही त्याच्या चरित्रातील सर्वांत मोठी विसंगती होय. तरीही १९०५ साली, ट्रफाल्गरच्या विजयाच्या शताब्दीला, हेन्री वुड याने सागरी गीतांची वाद्यरचना बांधली तेव्हा ‘टॉम बोलिंग’ची धून तीत गुंफली. रचनाकाराच्या गुणदोषांचा हिशेब न विचारता ती चेलोच्या स्वरांतून पुढील पिढ्यांपर्यंत पोचली.